नवसागर, युरिया आणि तापीकाठचे ऊन : अमोनियाचा आम्लारी स्वभाव

धुळ्याच्या जुन्या पेठेत कल्हईवाल्याची हाक आता क्वचितच ऐकू येते. तरीही ज्यांनी ते काम पाहिले आहे, त्यांच्या स्मरणात एक क्षण पक्का बसलेला असतो. भट्टीवर तापलेल्या पितळी पातेल्यात कारागीर चिमूटभर नवसागर टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, नाकाला झिणझिण्या आणणारा दर्प पसरतो आणि पाठोपाठ कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसताच भांडे आतून चांदीसारखे उजळते. हा धूर खरे तर धूर नव्हेच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे दोन वायूंत विघटन होते : एक अमोनिया आणि दुसरा हायड्रोजन क्लोराइड. हायड्रोजन क्लोराइड हे आम्ल. ते पितळेवरील ऑक्साइडचा थर खाऊन टाकते, म्हणून कथील धातूला चिकटते. उरलेले दोन्ही वायू वर हवेत थंड होताच पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचीच सूक्ष्म पूड तरंगू लागते. आम्ल आणि आम्लारी यांची ताटातूट आणि पुनर्भेट इतक्या उघडपणे दाखविणारा दुसरा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही सहसा होत नाही.

याच नवसागराचा आणखी एक घरगुती उपयोग जुन्या पिढीला ठाऊक होता. कोणाला भोवळ आली किंवा डोके जड झाले की तळहातावर नवसागर आणि खाण्याचा चुना एकत्र चोळून हुंगायला देत. दोन्ही पदार्थ वेगवेगळे असताना त्यांना फारसा वास नाही. एकत्र आले की मात्र डोळ्यांत पाणी येईल असा उग्र दर्प सुटतो. चुना हा अमोनियापेक्षा प्रबळ अल्क आहे. तो नवसागरातील अमोनियम आयनाकडून हायड्रोजनचा एक आयन हिसकावून घेतो आणि अमोनिया वायुरूपाने मोकळा होतो. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टले याने १७७४च्या सुमारास अमोनिया प्रथम शुद्ध वायुरूपात मिळविला, तोही नवसागर आणि चुना एकत्र तापवूनच. आजीबाईच्या बटव्यातील कृती आणि रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रयोग यांत फरक एवढाच, की प्रिस्टलेने तो वायू पाण्यावर न धरता पाऱ्यावर धरला. पाण्यावर धरता तर हाती काहीच लागले नसते, कारण पाण्याने तो सगळा गिळून टाकला असता.

अमोनिया पाण्यात इतका का विरघळतो आणि विरघळल्यावर काय होते, हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचा संभव आहे. परंतु खानदेशातील केळीच्या बागेत टाकलेल्या खतापैकी किती खत पिकाला मिळते, शेततळ्यातील मासे दुपारनंतर का तडफडतात, नळाच्या पाण्यातील क्लोरीन कोठे नाहीसा होतो आणि बर्फाच्या कारखान्यात वायुगळती झाली तर काय करावे, या सर्वांची उत्तरे याच एका प्रश्नाच्या पोटात आहेत.

आम्लारी म्हणजे नेमके काय?

आपल्या पाठ्यपुस्तकांत 'बेस' या संज्ञेला आम्लारी आणि पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क असे म्हणतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोपी व्याख्या दिली होती : पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी. कॉस्टिक सोडा आणि चुना या व्याख्येत नेमके बसतात, कारण हायड्रॉक्साइड त्यांच्या घरातच असते. अमोनियाची मात्र पंचाईत होते. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू एवढाच त्याचा संसार. त्यात ऑक्सिजनच नाही, मग हायड्रॉक्साइड येणार कोठून? तरी त्याच्या द्रावणात तांबडा लिटमस निळा होतो आणि हळदीने रंगविलेला कागद कुंकवासारखा लाल होतो.

जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर तोडगा काढला. अमोनिया पाण्यात गेल्यावर 'अमोनियम हायड्रॉक्साइड' नावाचा पदार्थ तयार होतो, असे त्यांनी मानले. प्रयोगशाळेतील बाटल्यांवर आजही हेच नाव दिसते. प्रत्यक्षात असा रेणू बाटलीतून वेगळा काढून दाखविता येत नाही. द्रावणात बहुतांश असतो तो नुसता विरघळलेला अमोनिया. खरा उलगडा १९२३मध्ये झाला. डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लॉरी यांनी स्वतंत्रपणे असे मांडले, की हायड्रोजनचा आयन म्हणजे प्रोटॉन जो देतो ते आम्ल आणि जो स्वीकारतो ती आम्लारी. या दृष्टीने पाहता अमोनियाचे वर्तन सरळ दिसू लागते. त्याच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक जोडी कोणत्याही बंधात न गुंतलेली, मोकळी असते. पाण्याच्या रेणूतील एक प्रोटॉन या जोडीला येऊन चिकटतो आणि अमोनियाचा अमोनियम आयन होतो. प्रोटॉन गमावलेले पाणी हायड्रॉक्साइड आयन म्हणून मागे राहते. म्हणजे हायड्रॉक्साइड अमोनियाने आणलेले नसते, ते त्याने पाण्याकडून करवून घेतलेले असते.

पाण्याच्या ऑक्सिजनवर तर अशा दोन मोकळ्या जोड्या असतात, मग पाणीच अधिक प्रबळ आम्लारी का नाही? ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन नायट्रोजनपेक्षा घट्ट धरून ठेवतो. म्हणून प्रोटॉनला जागा देण्यात नायट्रोजन अधिक उदार ठरतो.

हजारातील तेरा

२० अंश सेल्सियस तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ७०० लिटर अमोनिया वायू मावतो. वजनात पाहिले तर जवळजवळ अर्धा किलो. महाविद्यालयांत 'कारंजाचा प्रयोग' करतात तो याच्या बळावर. अमोनियाने भरलेल्या उपड्या चंबूत पाण्याचे दोन-चार थेंब सोडले की ते थेंब सगळा वायू शोषून घेतात, चंबूत पोकळी निर्माण होते आणि खालच्या भांड्यातील पाणी नळीतून कारंजासारखे उसळते. त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन घातलेले असेल तर रंगहीन पाणी वर पोहोचताच गुलाबी होते. विद्यार्थ्यांना रंग आठवतो. त्यामागची दोन कारणे वेगळी आहेत हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते. पाणी उसळते ते विद्राव्यतेमुळे आणि गुलाबी होते ते आम्लारीपणामुळे. अमोनियाचे रेणू पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी सहज जोडले जातात, म्हणून तो इतका विरघळतो. विरघळलेल्या रेणूंपैकी प्रोटॉन स्वीकारणारे मात्र थोडेच.

किती थोडे? एक लिटर पाण्यात १.७ ग्रॅम अमोनिया विरघळविला, तर हजार रेणूंपैकी साधारण तेराच रेणूंचे अमोनियम आयन होतात. उरलेले ९८७ जसेच्या तसे राहतात. या द्रावणाचा सामू सुमारे ११.१ भरतो; तेवढ्याच रेणूंचा कॉस्टिक सोडा टाकला असता तर तो १३ झाला असता. (सामू हे आम्ल-आम्लारीपणाचे माप, ७ म्हणजे उदासीन, त्यावर आम्लारीधर्मी, त्याखाली आम्लधर्मी. मातीपरीक्षणाच्या अहवालातून हा शब्द शेतकऱ्यांच्या बोलण्यात शहरी मंडळींच्या आधी रुळला आहे.) म्हणून अमोनिया हा 'सौम्य अल्क' म्हणविला जातो. येथे सौम्य म्हणजे निरुपद्रवी असे कोणी समजू नये. सौम्यता ही प्रोटॉन स्वीकारण्याच्या प्रमाणाची आहे, इजा करण्याच्या क्षमतेची नव्हे.

हे तेरा रेणू कायमचे तेच राहतात असेही नाही. अमोनियम आयन आणि हायड्रॉक्साइड यांची भेट होऊन पुन्हा अमोनिया व पाणी तयार होत असते आणि दोन्ही क्रिया एकाच वेळी सारख्या वेगाने चालू असतात. याला रासायनिक समतोल म्हणतात. द्रावणात आम्ल घातले की हायड्रॉक्साइड खर्ची पडते, समतोल एका बाजूला कलतो आणि अधिकाधिक अमोनिया अमोनियमच्या रूपात जातो. अल्क घातले की उलट. नवसागरावर चुना चोळणे म्हणजे हेच उलट ढकलणे.

या दोन रूपांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. अमोनियम हा विद्युतभारित आयन. त्याला वास नाही, तो पाणी सोडून हवेत जाऊ शकत नाही, मातीच्या कणांना तो धरून राहतो. अमोनिया हा भाररहित रेणू. त्याला उग्र दर्प आहे, संधी मिळताच तो हवेत निसटतो आणि सजीवांच्या पेशींच्या आवरणातून सहज आत शिरतो. पाण्यात 'एकूण अमोनिया' किती आहे याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्यातील किती भाग कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते. ते ठरविणाऱ्या गोष्टी दोन : सामू आणि तापमान. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर अमोनियाच्या रूपात असलेला भाग शेकडा ०.६हूनही कमी असतो. सामू ८ झाला की तो शेकडा ५च्या वर जातो, ९ झाला की ३६च्या आसपास. सामू ८ असतानाच पाणी ३५ अंशांपर्यंत तापले, तर ५चे १० होतात. उन्हाळ्यात सार्वजनिक मुतारीजवळून जाणे हिवाळ्यापेक्षा अवघड का होते, याचे एक कारण या आकड्यांत आहे. मूत्रातील युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, त्याने सामू चढतो आणि चढलेला सामू व तापलेली फरशी मिळून उरलेल्या अमोनियमलाही वायुरूप देतात.

काळी जमीन, युरिया आणि वाफसा

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत ही दोन्ही परिमाणे अमोनियाच्या निसटण्याला अनुकूल आहेत. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन बहुतांशी आम्लारीधर्मी, सामू साधारण ७.५ ते ८.५च्या दरम्यानचा, अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त. मे महिन्यातील तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जाते आणि उघड्या जमिनीचा पृष्ठभाग हवेहूनही अधिक तापतो. या जमिनीत कापूस आहे, आणि रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळी आहे. केळी हे नत्राचे भुकेले पीक. प्रत्येक झाडामागे सुमारे २०० ग्रॅम नत्राची शिफारस केली जाते. (कृषी क्षेत्रात नायट्रोजनला नत्र म्हणण्याची पद्धत आहे.) हे नत्र मुख्यतः युरियातून येते.

युरिया स्वतः आम्लारी नाही. पाण्यात विरघळूनही तो जवळजवळ उदासीनच राहतो. परंतु मातीत युरिएज नावाचे विकर असते. ओल आणि ऊब मिळाली की ते दोन-चार दिवसांत युरियाचे अमोनियम कार्बोनेट करून टाकते. त्या वेळी युरियाच्या दाण्याभोवतीच्या चिमूटभर मातीचा सामू ९च्या घरात जातो. शेताचा सरासरी सामू कितीही असो, दाण्याभोवती तेवढ्यापुरती कल्हईवाल्याची भट्टी पेटलेली असते. दाणा जमिनीवर उघडा पडला असेल तर तेथून अमोनिया सरळ हवेत जातो. परिस्थिती फारच प्रतिकूल असेल तर दिलेल्या नत्राचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा उडून जाऊ शकतो. ४५ किलोच्या गोणीत शेकडा ४६ म्हणजे २०.७ किलो नत्र असते. चौथा हिस्सा म्हणजे गोणीमागे पाच किलोंहून अधिक नत्र हवेत. अनुदानामुळे युरिया स्वस्त मिळतो, म्हणून हे नुकसान शेतकऱ्याच्या खिशाला लगेच जाणवत नाही. पीक पिवळे पडले की तो आणखी एक गोणी टाकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खताच्या 'अतिवापरा'विषयी शेतकऱ्यांना उपदेश करणाऱ्यांनी आधी हे उडून जाणारे खत हिशेबात धरावयास हवे.

यातील सर्वांत फसवी वेळ वाफशाची. जमीन चिखल नाही आणि कोरडीही नाही, कामाला सोयीची, अशी ही अवस्था. मजूर मिळतात, पाय रुतत नाही, म्हणून नेमका तेव्हाच युरिया फोकून दिला जातो. युरिया विरघळून विकराच्या हाती पडण्याइतकी ओल त्या वेळी जमिनीत असते, पण त्याला खाली वाहून नेण्याइतके पाणी नसते. पुढे तीन-चार दिवस कडक ऊन पडले की नुकसान निश्चित. उलट, युरिया दिल्यावर लगेच १०-१५ मिलिमीटर पाऊस पडला किंवा तेवढे पाणी दिले, तर तो काही सेंटिमीटर खाली उतरतो. तेथे तयार होणारा अमोनिया वर येण्याआधीच मातीतील पाण्यात अमोनियम होऊन थांबतो. बांगडी पद्धतीने खत देऊन मातीने झाकणे किंवा पाठोपाठ कोळपणी करणे यामागचे रसायनशास्त्रही हेच. युरियात राख किंवा चुना मिसळू नये, हा जुना दंडकही याच कारणासाठी.

येथे काळ्या जमिनीची बाजूही मांडली पाहिजे. तिच्यातील चिकणमातीचे कण ऋणभारित असतात आणि धनभारित अमोनियमला ते घट्ट धरून ठेवतात. अशी धारणशक्ती कोकणातील जांभ्या जमिनीत फार कमी. एकाच मातीचा सामू अमोनियाला हाकलू पाहतो आणि तिचेच कण अमोनियमला धरू पाहतात. खत वर राहते की खाली जाते यावर कोण जिंकणार ते ठरते.

युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरले की ही कटकट मिटते, असा एक समज आढळतो. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी आहे हे खरे. पण चुनखडीयुक्त जमिनीच्या पृष्ठभागावर तेही निर्धोक नाही. चुनखडीशी त्याची क्रिया होऊन अमोनियम कार्बोनेट बनते आणि तेथून पुढची वाट युरियाचीच. नवसागर आणि चुन्याची ती तळहातावरची कृती शेतात अधिक संथपणे घडते, एवढेच. २०१५पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्या आवरणाचा मुख्य परिणाम अमोनियमचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावण्याचा आहे. पृष्ठभागावरून उडणाऱ्या अमोनियावर तेवढ्याने भरवसा ठेवता येत नाही.

जळगाव परिसरात ठिबक सिंचन रुजल्यापासून युरिया पाण्यात विरघळवून थेट मुळाशी देण्याची सोय झाली, आणि या प्रश्नावरचा हा सर्वांत समाधानकारक उपाय आहे. त्यातही युरियाचाच उपयोग होतो, अमोनियाच्या द्रावणाचा नव्हे. खानदेशातील विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण, म्हणजे कॅल्शियमचे क्षार असलेले. त्यात अमोनिया मिसळला तर सामू चढून कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसेल आणि ठिबकच्या तोट्या तुंबतील. युरिया उदासीन असल्यामुळे हा धोका टळतो.

हा युरिया येतो कोठून, तर अमोनियातूनच. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९मध्ये हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगाने अमोनिया बनविण्याची रीत सिद्ध केली आणि कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरविली. १९१३मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रात अलिबागजवळ थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात अमोनिया आणि त्यापासून युरिया तयार होतो.

दूध, तळे आणि नळ

दुधात युरियाची भेसळ ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. ती अमोनियाच्या आम्लारीपणावरच आधारलेली असून अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ग्राहकांसाठी प्रसिद्ध केली आहे. परीक्षानळीत चमचाभर दूध घ्यावे, त्यात अर्धा चमचा तुरीचे किंवा सोयाबीनचे पीठ घालून नीट हलवावे, पाच मिनिटांनी त्यात तांबडा लिटमस कागद बुडवावा आणि अर्ध्या मिनिटाने बाहेर काढावा. कागद निळा झाला तर दुधात युरिया आहे असे समजावे. तूर आणि सोयाबीनमध्ये तेच युरिएज विकर असते. ते युरियाचा अमोनिया करते आणि अमोनिया लिटमसला निळा करतो. दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो, त्यामुळे रंग पुसट असल्यास लगेच गवळ्यावर आळ न घेता प्रयोगशाळेतून खात्री करून घेणे न्यायाचे.

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणाऱ्यांना दुसराच अनुभव येतो. सकाळी ठणठणीत असलेले मासे दुपारनंतर पृष्ठभागाशी येऊन तडफडू लागतात आणि पाण्यात कोणी विष टाकले की काय, अशी शंका घेतली जाते. मासे आपल्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने सोडतात. उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया होतो. हिरव्या शेवाळाने भरलेल्या तळ्यात दिवसभर उन्हात प्रकाशसंश्लेषण चालते, पाण्यातील कार्बन डायऑक्साइड संपत जातो आणि सामू चढतो. सकाळी २५ अंशाला साडेसात सामू असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग शेकडा दोनाहूनही कमी असतो. दुपारी ३० अंश आणि सामू ९ झाला की तोच भाग ४५च्या आसपास पोहोचतो. अमोनिया वाढलेला नसतो, त्याने रूप बदललेले असते. पाणी तपासायचे तर ते दुपारी उशिरा तपासावे. सकाळचा नमुना खोटा दिलासा देतो.

शहरातील वाचकाचा अमोनियाशी संबंध येतो तो नळातून. धुळे शहराला तापी नदी, नकाणे तलाव, डेडरगाव तलाव यांतून, तर जळगावला वाघूर धरणातून पाणी मिळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात अमोनिया, नायट्रोजनच्या हिशेबात, लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. एवढ्याशा अमोनियाने पिणाऱ्याला विषबाधा होते असे नाही. अडचण क्लोरीनची आहे. अमोनियाच्या ज्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीवर प्रोटॉन येऊन बसतो, तिच्यावरच क्लोरीनही झडप घालतो आणि क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांची जंतुनाशक शक्ती मुक्त क्लोरीनपेक्षा पुष्कळ कमी. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचा पुरता निकाल लावण्यासाठी तत्त्वतः ७.६ आणि व्यवहारात ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. त्यानंतर टाकलेला क्लोरीन तेवढा 'मुक्त' राहतो. नदीत सांडपाणी मिसळले की जलशुद्धीकरण केंद्राचा हिशेब कोलमडतो तो असा. यमुनेतील अमोनिया वाढल्यामुळे दिल्लीतील वझीराबाद केंद्रातील पाणी उपसा कमी करावा लागल्याची उदाहरणे वारंवार घडली आहेत. आपल्याकडे पाण्यातील क्लोरीन पाहण्यासाठी सर्रास केली जाणारी ओटी चाचणी येथे थोडी फसवू शकते. मुक्त क्लोरीनने पिवळा रंग तत्काळ येतो. काही वेळाने हळूहळू गडद होत जाणारा रंग क्लोरामाइनचा असू शकतो. चाचणी घेणाऱ्याने रंग किती आला याबरोबर तो केव्हा आला हेही नोंदविले पाहिजे.

गळती झाल्यास

बर्फाचे कारखाने, दूध शीतकरण केंद्रे आणि मोठी शीतगृहे यांत अमोनिया प्रशीतक म्हणून वापरतात. उणे ३३ अंशाला उकळणारा हा द्रव बाष्पीभवनाच्या वेळी भरपूर उष्णता ओढून घेतो, ओझोनच्या थराला त्याचा उपद्रव नाही आणि तो स्वस्तही आहे. या यंत्रणांत नळ्या पोलादाच्या असतात, तांब्या-पितळेच्या नव्हे, कारण ओलसर अमोनिया तांब्याशी संयोग पावून त्याला पोखरतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराच्या साठ्यात ठेवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या पागेतून येणारा अमोनिया आणि दमट हवा यांचा तो परिणाम असल्याचे पुढे १९२१मध्ये स्पष्ट झाले.

अमोनियाच्या बाबतीत एक सोय अशी, की तो आपली वर्दी आधीच देतो. हवेच्या दशलक्ष भागांत पाच ते पन्नास भाग असतानाच बहुतेकांना त्याचा वास येतो. जिवाला तत्काळ धोका संभवणारी पातळी ३०० भागांची मानली जाते. गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी शीतगृहातील जुने तंत्रज्ञ पेटती गंधकाची कांडी नळ्यांजवळून फिरवितात. जेथे पांढरा धूर होतो तेथे गळती. कल्हईच्या भांड्यातील धुराचाच हा भाऊ, फक्त आम्ल वेगळे. ओला लिटमस किंवा हळदीचा कागदही चालतो. हळदीचा लाल झालेला कागद मोकळ्या हवेत ठेवला तर काही वेळाने पुन्हा पिवळा होतो, कारण अमोनिया त्यावरून उडून जातो. कॉस्टिक सोड्याने लाल झालेला कागद तसा परतत नाही.

अमोनिया वायू हवेपेक्षा हलका, तेव्हा तो वर निघून जाईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दाबाखालील द्रव एकाएकी बाहेर पडला की थंडगार वाफ आणि बाष्प यांचा जड ढग जमिनीलगत पसरतो. त्याच्यापासून दूर जाताना वाऱ्याच्या दिशेने पळू नये, वाऱ्याला आडवे निघून मग त्याच्या उगमाकडील बाजूस जावे. नाकातोंडावर ओले फडके धरावे. त्यातील पाणी बराच अमोनिया अडविते. अग्निशामक दलाचे जवान वायूच्या ढगावर पाण्याचे तुषार सोडतात ते याच गुणामुळे. परंतु जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियाच्या थारोळ्यावर पाणी ओतणे ही घोडचूक ठरते. पाण्याच्या उष्णतेने आणि विरघळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो द्रव जोराने उकळतो आणि ढग दुणावतो.

डोळे, घसा आणि फुफ्फुसे हे शरीराचे सदैव ओले भाग असल्यामुळे अमोनिया तेथेच विरघळतो आणि हायड्रॉक्साइड तयार होते. आम्लाने भाजल्यावर ऊतींवर बहुधा एक साका धरतो आणि इजा काहीशी वरच थांबते. अल्काचे तसे नाही. ते पेशींतील स्निग्ध पदार्थांचे साबण करीत आत आत उतरत जाते. डोळ्यांत अमोनिया गेल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा मिनिटे डोळे धुवावेत आणि धुणे न थांबविता डॉक्टरांची व्यवस्था करावी. आम्लारीवर उतारा म्हणून डोळ्यांत लिंबू किंवा व्हिनेगर घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये. अंगावरचे भिजलेले कपडे काढून टाकावेत, परंतु द्रव अमोनियाने कापड कातडीला गोठून चिकटले असेल तर आधी भरपूर पाणी ओतून ते सैल होऊ द्यावे आणि मगच सोडवावे.